जाणूनबुजून

गेल्या दिवाळीपूर्वी आम्ही घरातली फरशी बदलून घेतली. काम लांबत चालले तसा माझा धीर सुटू लागला. रोज संध्याकाळी मी मिस्त्रीला बजावी, "वसुबारसेच्या आत घर मोकळे झाले पाहिजे हं!" आणि तो बिचारा मान डोलावी.

एके दिवशी त्याच्या फरशी कापायच्या मशीनचे गार्ड, म्हणजे पात्याचा वरचा भाग झाकणारे लोखंडी कवच, मला खिडकीत काढून ठेवलेले दिसले. मी सहज विचारले. "ते असलं की रेघ दिसत नाही साहेब, काम सावकाश होतं," तो म्हणाला. मी पुढे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पाते फरशीत अडकले, मशीन उसळले आणि त्याच्या डाव्या हाताची तर्जनी गेली.

"चूक त्याचीच," कंत्राटदार म्हणाला. कायद्याचे जुने पुस्तक उघडले असते, तर त्याला आधारही मिळाला असता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेब मांडलेला होता : अंगठा गेला तर कमाईची कुवत ३० टक्के घटली असे धरायचे, तर्जनी गेली तर १४ टक्के. पण सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले आणि त्यामुळे बोट गेले, तर मालक भरपाई देण्यास बांधलेला नाही, असेही त्याच कायद्यात होते.

'जाणूनबुजून' हा शब्द तेव्हापासून माझा पिच्छा सोडीत नाही. गार्ड त्याने काढले, हे खरे. पण त्याची मजुरी चौरस फुटावर. कंत्राटदाराच्या मागे माझा तगादा. आणि माझ्या मागे? केवळ सणाची हौस! धोका त्याला ठाऊक होता, तसा मलाही होता. त्याच्यापाशी निदान पोटाचे कारण होते. "दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, पण ते गार्ड बसवा," एवढे म्हणायला माझे काय खर्च होणार होते?

दवाखान्याचे पैसे मी दिले. त्याने हिशेब मिटला, असे मात्र वाटत नाही. पाडव्याच्या सकाळी नव्या फरशीवर पत्नी रांगोळी काढीत होती. अंगठा आणि तर्जनी जुळल्याशिवाय चिमूट होत नाही, हे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले.

यंदा स्वयंपाकघराचे काम निघाले आहे. ते दिवाळीनंतर, सवडीने करा, असे मी सांगून ठेवले आहे.