वाघाचा नैवेद्य

सत्तरी आणि सांगे या भागांतील रानवाटांनी जाताना एखाद्या जुन्या वृक्षाच्या बुंध्याशी वाघाची ओबडधोबड मूर्ती दृष्टीस पडते. गावकरी तिला 'वाघरो' म्हणतात, तिच्यापुढे नारळ ठेवतात आणि माणसांची व गुरांची राखण कर, असे गाऱ्हाणे घालतात. उत्तरेकडे, सह्याद्रीच्याच कुशीत, अकोल्याच्या बाजूचे महादेव कोळी आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतात. आपण त्याच तिथीला सवत्स धेनूची पूजा करून तिला वसुबारस म्हणतो. भक्ष्य आणि भक्षक यांना एकाच दिवशी हात जोडणारी ही परंपरा भाबडी आहे, असे मला कधीच वाटले नाही. दोघांच्या मध्ये आपले घर आहे, हे ती जाणून आहे.

मात्र जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली गावाच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने मृतावस्थेत सापडले. वाघाने मारलेल्या जनावराच्या अंगावर विष घातल्याचा आरोप झाला आणि गुरे पाळून जगणाऱ्या एका कुटुंबातील माणसांना अटक झाली. साऱ्या गोव्यात हळहळ व्यक्त झाली, आणि ती योग्यच होती. विषाला विवेक नसतो. ते वाघिणीबरोबर बछड्याला मारते, कोल्ह्याला मारते, घारीलाही सोडत नाही. दारिद्र्याने अशा कृत्याचे कारण समजते, समर्थन होत नाही. तथापि त्या दिवसांत चार वाघांची गणती जो तो करत होता. गोठ्यातली गुरे किती गेली होती, हे विचारणारे मला फारसे भेटले नाहीत.

कायद्याकडे वळू; तो माझा व्यवसायच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे वाघ मनुष्याच्या जिवास धोकादायक ठरला, किंवा बरा न होण्याइतका विकल वा रोगग्रस्त झाला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. तीही त्याला पकडणे वा हलवणे शक्य नसेल तेव्हाच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने वाघ मारल्यास तो गुन्हा होत नाही. गाय वाचवण्यासाठी मारल्यास होतो. हा भेद मला मान्य आहे, कारण तो नसता तर रानात एक वाघ उरला नसता. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम ३९ कडे पाहावे. मृत सापडलेला वाघ शासनाची मालमत्ता ठरतो. जिवंत असताना तो कोणाचाच नाही. म्हणून त्याने केलेल्या नुकसानीचा दावा कोणावर लावावा, हा प्रश्न उरतोच. जनावराची भरपाई शासनाच्या योजनांतून मिळते, आणि तिच्यासाठी पंचनामा, दाखले, खेटे यांची जी माळ ओढावी लागते ती ओढताना भरपाई हा हक्क न राहता मेहरबानी होते.

माझ्याकडे एका वेगळ्याच कामासाठी आलेले एक वृद्ध गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, "वकीलबाब, वाग देव म्हूण मानूंया; पूण ताचो नैवेद म्हज्याच गोठ्यांतल्यान कित्याक?" इतक्या वर्षांच्या वकिलीत याहून नेमका मुद्दा मी न्यायालयात मांडलेला आठवत नाही.

वनावाचून वाघ नाही आणि वाघावाचून वन नाही, या आशयाचे उद्योगपर्वातील वचन हल्ली सभासंमेलनांतून वारंवार ऐकू येते. (मूळ प्रसंगी ते कौरवपांडवांना उद्देशून आहे, हे सांगण्याची तसदी वक्ते घेत नाहीत.) मला मात्र या प्रसंगी शिबिराजा अधिक जवळचा वाटतो. त्याच्यापुढे कपोत आणि श्येन दोघे आले. कपोताला अभय देताना श्येनाची भूक खोटी नाही, हे त्याने कबूल केले. मग त्याने तराजू मागवला आणि स्वतःच्या अंगाचे मांस त्यात घातले. शेजारच्या गवळ्याचे घातले नाही! आपण शहरांतून, देवळांच्या सभामंडपांतून वाघाला अभय देतो, त्याच्यामुळे रान टिकते आणि रानामुळे म्हादईचे पाणी टिकते म्हणून समाधान मानतो. तराजूत मात्र म्हैस दुसऱ्याची असते.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकल्प व्हावा, असे माझे मत आहे. पण म्हादईला अभयारण्याचा दर्जा १९९९ साली मिळाला. तेथील घरे आणि गोठे त्याआधीचे आहेत. त्या लोकांच्या हक्कांचा निवाडा न करता रेघ ओढणे, हाही एक अन्यायच होय. आणि दुभते जनावर गेले तर त्याचे मोल आठवड्याच्या आत, दुधाच्या बुडालेल्या उत्पन्नासह हाती पडले, रात्रीचा गोठा भक्कम बांधून मिळाला, तर विषाच्या पुडीकडे हात जाण्याचे कारण पुष्कळ कमी होईल.

शासनाचे पैसे येईपर्यंतची ही उसनवारी आपल्या देवस्थानांनी का करू नये? माझ्या ग्रामदेवतेच्या महाजनांच्या सभेत मी हे एकदा तोंडी सुचवले होते. 'तो सरकारचा प्रश्न' असे उत्तर आले, जत्रेच्या रोषणाईचा विषय निघाला, आणि मीही गप्प बसलो. यंदा तोच विषय सभेपुढे घ्यावा म्हणून मी लेखी अर्ज दिला आहे.