दाराची जागा

आमचं घर बेसाच्या जुन्या गावठाणात आहे. आता बेसा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं लेआउट, फ्लॅट आणि मानेवाड्याकडून येणारा गर्दीचा रस्ता येतो. माझ्या लहानपणी नागपूर संपलं की शेतं लागत, आणि शेतं ओलांडली की आमचं गाव. घर मातीचं, वर कवेलू, दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. पुढं सपरी, मग माजघर, मग सयपाकाची खोली आणि मागं सांदवाडी. भिंती एवढ्या रुंद की खिडकीत पोरगं मांडी घालून बसे. बाहेर पंचेचाळीसचा उन्हाळा असला तरी माजघरात दुपारी झोप लागायची.

अशा घरात राहायचं तर दरवर्षी त्याच्यामागं लागावं लागतं. मृग लागायच्या आधी बाप कवेलू फेरायला माणूस बोलवायचा. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, कमी पडले तर नवे आणायचे. पाऊस सरला की माय भिंती छाबायची, दिवाळीला पोतारायची. एखाद्या साली बल्ली उधळीनं खाल्लेली निघे, ती बदलायची. हे सगळं आम्ही घरात राहूनच करायचो. कवेलू उतरवलेल्या खोलीत ऊन पडे आणि आम्ही पोरं त्या उन्हात नाचायचो. पन्नास वर्षांत त्या घरातलं मूळचं काय उरलं होतं, देव जाणे. पण घर बदललं असं कोणाला कधी वाटलं नाही.

पुढं कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला थीसियसच्या जहाजाची गोष्ट ऐकली, तेव्हा मला आमचंच घर आठवलं. प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकानं ती लिहून ठेवली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्या वीराचं जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, नवी ठोकायची. मग पंडितांत वाद लागला, हे तेच जहाज की दुसरं? मला त्यात वादाचं काही दिसेना. आपल्या सेवाग्रामची बापूकुटी पाहा. माती, बांबू आणि कवेलूचं घर. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले 1936 मध्ये. मातीची भिंत लिंपल्याशिवाय आणि कवेलू फेरल्याशिवाय आपल्याकडचा पाऊस सोसत नाही. तरी जाणारा माणूस हीच बापूकुटी म्हणून हात जोडतो, आणि त्याचं चुकत नाही. जगन्नाथपुरीला तर अधिक आषाढ येतो त्या वर्षी देवाच्या लाकडी मूर्तीच नव्या करतात. 2015 मध्ये केल्या. देव तोच राहतो.

तेव्हा घर बदललं तरी घर तेच, हे माझं पक्कं झालेलं होतं. त्याच विश्वासावर मी आमच्या घराला हात लावला.

हात लावणं भाग होतं. माजघराच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. मिस्त्रीनं पाहिलं आणि म्हणाला, काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घराला खालून हलवते. मुरूम लागेपर्यंत खोदून कॉलम घ्यावे लागतील, वर स्लॅब. घरात माय, आम्ही दोघं आणि दोन पोरं. भिंत रात्री बसली तर? धाकट्या भावानं शहरातल्या आपल्या फ्लॅटवर मायला चार महिने न्यायचं ठरवलं. ती ऐकायला तयार नाही. म्हणाली, "मी या घरून जाईन त चौघाच्या खांद्यावर."

मग ठरलं की घरात राहूनच काम काढायचं. आधी मागची बाजू पाडायची, आम्ही पुढं राहायचं. ती झाली की मागं जायचं आणि पुढची पाडायची. ज्यानं असं केलं असेल त्याला सांगायला नको. सपरीत गॅस, गॅसच्या बाजूला सिमेंटची पोती, पोत्यांवर पोरांची दप्तरं. आंघोळ साडीच्या आडोशाला. देव एका डब्यात, रोज सकाळी डबा उघडून पूजा. भातात रेती लागली तर कोणी बोलत नसे. रेजा घमेली घेऊन आमच्या जेवणाच्या पंगतीतून जात आणि माय त्यांना "बस वं, भाकर खाय" म्हणे.

मायचं वय ऐंशीच्या वर. काचबिंदूनं एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा समजे. पण त्या घरात तिला कोणाचा हात लागत नव्हता. खाटेवरून उठायची, भिंतीला हात लावून माजघर, तिथून डाव्या कोपऱ्यातलं दार, मग पाण्याची गुंडी.

तिला आम्ही खरं सांगितलं नाही. ठोकाठोक ऐकून ती विचारायची, "काय करून राह्यले रे?" मी म्हणायचो, "काही नाही माय, वरचं नीट करून राह्यलो." स्लॅब टाकतोय म्हटलं तर ती नाही म्हणेल, रडेल, काम अडेल, अशी भीती. आणि जे करत होतो ते तिच्याच भल्याचं होतं. संडास घरात घेतला, उंबरा काढून फरशी सपाट केली. नवा ओटा बसवायला डाव्या कोपऱ्यातलं दार चार फूट उजवीकडं सरकवलं.

मागची बाजू झाली, आम्ही तिकडं राहायला गेलो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कसल्याशा आवाजानं मला जाग आली. माय भिंतीसमोर उभी होती. जिथं पन्नास-साठ वर्षं दार होतं तिथं नव्या प्लास्टरवर दोन्ही तळवे ठेवून खालीवर चाचपत होती.

"बाबू, दार कुठं गेलं?"

"माय, इकडं सरकवलं. तुह्याच सोयीसाठी."

"माह्या सोयीसाठी. मंग मले काऊन नाई इचारलं?"

"तू नाही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं. तू समजावलं असतं. मी आयकलं असतं, नाई त नसतं आयकलं. पन दार कुठं हाय हे त मालूम असतं."

मी तिला पाणी दिलं, खाटेवर नेऊन बसवलं. मला पुन्हा झोप लागली नाही.

त्या रात्रीपासून जहाजाची गोष्ट मला अपुरी वाटते. ते जहाज आठवण म्हणून ठेवलेलं होतं. त्यात रात्री उठून कोणी पाणी प्यायला जात नव्हतं. फळ्या किती बदलल्या हे बाहेरून पाहणाऱ्याचं मोजमाप झालं. आत राहणाऱ्याला घर तळहातांनी माहीत असतं. त्याला न सांगता दार हललं की घर तेच राहूनही तो त्यात परका होतो.

मी स्वतःची बाजूही मांडून पाहिली. भेग खरी होती. माय नाहीच म्हणत राहिली असती तर मी भिंत तशीच ठेवली असती का? नसती ठेवली. त्या भिंतीखाली माझी पोरं झोपत होती, एकट्या मायच्या मर्जीवर ते सोडता येत नव्हतं. तिच्या मनाविरुद्ध करायची पाळी आली असती तर मी केलं असतं, आणि आजही त्यात मला पाप वाटत नाही. पण मनाविरुद्ध करणं वेगळं आणि नकळत करणं वेगळं. तोंडावर भांडलो असतो तर ती घरची मालकीण म्हणून भांडली असती. लपवलं तेव्हा मी तिला खाटेसारखं या खोलीतून त्या खोलीत हलवलं.

गावाचंही असंच झालं, असं मला वाटतं. आम्ही राहत असतानाच आमच्या भोवती शहर बांधलं गेलं. रस्ते आले, नळ आले, दवाखाने आले; ते नको होते असं कोण म्हणेल? तरी एखादा म्हातारा अजून जुन्या पांदणीच्या वाटेनं निघतो आणि कोणाच्या तरी कंपाउंडपाशी जाऊन थांबतो. त्या भिंतीवरचा त्याचा हात मला आता ओळखीचा वाटतो.

सकाळी मी मायला म्हटलं, दार पुन्हा जुन्या जागी करून देतो. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. माय म्हणाली, "राहू दे आता. खर्च कायले करतं? मले दाखव फक्त." मी तिचा हात धरून खाटेपासून दारापर्यंत नेलं. तिनं पावलं मोजली, अकरा. परत आली, पुन्हा एकटीनं गेली.

पुढची बाजू पाडायच्या आधी सगळं तिला सांगितलं. सपरीतला दिव्याचा कोनाडा हवा म्हणाली, तो विटांच्या भिंतीत ठेवला. दर्शनी भिंत मात्र पाडू नका म्हणाली, ती तिच्या सासऱ्यानं घातलेली. तिलाही भेग होती. मी तिचा हात त्या भेगेत ठेवला. तरी ती नाहीच म्हणाली. मी सांगितलं, माय, मी पाडतो आहे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "भिंत कुठवर आली रे?"