वाचून काय झाले?

दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा निरोप आला की आमच्यासारख्या शाळामास्तराला आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. यंदाचा निरोप सोपा होता. ‘वर्षभरात जे वाचले त्याविषयी लिहा,’ एवढेच. वह्या तपासणे आणि पुस्तके वाचणे याखेरीज मी आयुष्यात फारसे काही केलेले नाही, तेव्हा यात अवघड ते काय, असे वाटले. पण कागद पुढे घेतला आणि एका साध्या प्रश्नाने वाट अडवली. वाचून काय झाले? वाचल्याने माणूस बरा होतो, असे आपण मुलांना सांगत आलो. शाळेच्या भिंतीवर तशी सुभाषितेही रंगवून घेतली. मी स्वतः त्यामुळे बरा झालो का?

आमचे गोडादरा सुरतेच्या पूर्वेकडची वस्ती. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसे ताप्ती लाइनच्या गाडीने आली आणि इथलीच झाली. कुणी लूमच्या खात्यात, कुणी रिंगरोडच्या कापड मार्केटात. घरोघरी बायका साड्यांचे धागे कापत बसलेल्या दिसतील. इथे दुकानाची पाटी गुजराती, रिक्षावाल्याशी हुज्जत हिंदीत, लग्नातली गाणी अहिराणीत आणि आमची शाळा मराठी. मुख्याध्यापकाला इथे ‘आचार्य’ म्हणतात. ती पदवी ऐकून मला अजूनही ओशाळल्यासारखे होते. अशा गावात राहणाऱ्या वाचकाची कपाटे दोन असतात, एक मराठी आणि एक गुजराती. यंदा मी दोन्ही उघडली.

सुरुवात इतिहासापासून झाली, तीही एका मुलीमुळे. नववीच्या वर्गात सुरतेच्या लुटीचा विषय निघाला. इ.स. १६६४ चा जानेवारी आणि पुन्हा १६७० चा ऑक्टोबर, हे मी जोशात सांगत होतो. मुलगी सुरतेतच जन्मलेली, आईवडील पारोळ्याकडचे. तिने हात वर करून विचारले, “सर, तेव्हा आपण कुठे होतो? गावाच्या आत की बाहेर?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तके काढली. एकीकडे सभासदाची बखर आणि आपल्या इतिहासकारांचे लेखन. शायिस्ताखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसलेला, मुलूख उजाड झालेला, खजिना रिता झालेला. आणि सुरत म्हणजे मोगलांचे सर्वांत संपन्न बंदर. महाराजांच्या बाजूने विचार केला की सगळे हिशेब नीट जुळतात. दुसरीकडे इंग्रज वखारवाल्यांची पत्रे. त्यांत जळणारे मोहल्ले आहेत, पळणारी माणसे आहेत, किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान आहे आणि वीरजी व्होरासारख्या बड्या सावकाराचे लुटलेले घर आहे. फ्रेंच वैद्य बर्निए त्या काळी हिंदुस्थानात होता. त्याने लिहिले आहे की कॅपुचिन पाद्र्यांच्या मठाला आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या एका दिवंगत दलालाच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही. यांतले एक वाचून दुसरे टाकावे असे मला वाटत नाही. महाराजांविषयीचा आदर तसूभरही कमी झाला नाही. मात्र त्या मुलीचा प्रश्न खरा होता, हे कळले. आजवर मी इतिहास वकिलासारखा वाचत आलो होतो. आपल्या पक्षाचे कागद तेवढे फायलीला लावायचे. पुढच्या तासाला मी तिला म्हणालो, “बाई, आपण दोन्हीकडे होतो.” तिला उत्तर पटले की नाही, देव जाणे.

मग गुजराती कपाटातून नर्मद काढला. १८३३ साली याच सुरतेत जन्मलेला हा कवी १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीच्या भरवशावर जगायला निघाला. त्याचे ‘मारी हकीकत’ १८६६ चे, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षीचे. छापील आत्मचरित्र ही चीजच तेव्हा आपल्याकडे नवी. आपले दोष, आपला अहंकार, पैशांची ओढाताण हा माणूस लपवीत नाही, आणि सगळेच सांगत नाही हेही लपवीत नाही. सुधारणेचा हा कडवा पुरस्कर्ता, विधवेशी विवाह करणारा. पण उतारवयात आपल्याच जुन्या मतांच्या विरुद्ध जाऊन त्याने ‘धर्मविचार’ लिहिले. शेवटी पैशापायी नोकरीही पत्करली. मला त्याचे मतांतर पटत नाही. तरी ‘मी बदललो’ हे उघड्यावर येऊन सांगण्याचे धैर्य माझ्यात किती, असा विचार पुस्तक मिटताना मनात आलाच.

त्यानंतर पन्नालाल पटेलांची ‘मानवीनी भवाई’. १९४७ ची ही कादंबरी. लेखकाला १९८५ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. शालेय शिक्षण बेताचेच असलेल्या या माणसाने छप्पनचा दुष्काळ, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा काळ, असा उभा केला आहे की ताटातला घास हातातच राहतो. फुकट धान्य वाटले जात असते. पोटात आग पडलेला काळू रांगेत उभा राहतो, आणि जन्मभर धान्य पिकवणाऱ्या त्या शेतकऱ्याचा हात काही पुढे होत नाही. त्या पानावर मी फार वेळ थांबलो. आमच्या शाळेत मोफत गणवेशाचे वाटप होते, फोटो निघतात. हात पुढे करताना जी मुले खाली बघतात, ती मला त्या पानानंतर दिसू लागली.

विज्ञानाचे म्हणाल तर २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले आणि त्यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ पुन्हा वाचले. वाचताना त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची घेतलेली परीक्षा आठवली. दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या. निम्मी मुले हुशार, निम्मी मतिमंद. सत्तावीस ज्योतिषांनी आपली उत्तरे पाठवली. त्यांतली बरोबर आलेली सुमारे सेहेचाळीस टक्के, म्हणजे नाणे उडवून ठरवले असते तरी चालले असते. मला भावले ते वेगळेच. कोणत्याही मताला ‘तू चूक ठरशील ते कशाने?’ असे आधी विचारून ठेवायचे, ही रीत. मास्तर लोक मुलांविषयी रोज भाकिते करतात. त्यांची परीक्षा कुणी घेत नाही.

एवढे लिहून लेख संपवता आला असता. पण यंदा आणखी एक पुस्तक माझ्या वाचनात आले आणि त्याने बाकीच्यांचा हिशेब मागितला.

पावसाळ्यात एक पस्तिशीचा माणूस शाळेत आला. शाळा सोडल्याचा दाखला हरवला होता, दुसरी प्रत हवी होती. जनरल रजिस्टर काढले. २००४ साल, इयत्ता नववी. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘सतत गैरहजर. अभ्यासात लक्ष नाही.’ अक्षर माझे. तेव्हा मी त्याचा वर्गशिक्षक होतो.

मग सगळे आठवले. शेवटच्या बाकावर झोपणारा मुलगा. मी त्याला पहिल्या तासाला उभे करायचो, दोनदा वर्गाबाहेर काढले, एकदा सर्वांदेखत म्हणालो की तुझ्या हातून काही होणार नाही. मग तो यायचाच बंद झाला. रजिस्टर टेबलावर उघडे होते. त्यानेही ती ओळ वाचली. रागावला नाही. जुन्या ओळखीच्या आवाजात म्हणाला, “सर, तवय रातपायी व्हती मनी.”

रातपाळी. चौदा वर्षांचे पोर रात्रभर लूमवर उभे राहून सकाळी माझ्या वर्गात येत होते. मी त्याला एकदाही विचारले नव्हते की बाबा, तू झोपतोस का?

आता लाजेची गोष्ट सांगतो. १९९३ साली मी एम.ए. झालो. आमच्या जळगावचे विद्यापीठ तेव्हा नवे नवे होते. दया पवारांच्या ‘बलुतं’वरचे माझे उत्तर परीक्षेत चांगलेच वठले होते. १९७८ च्या त्या पुस्तकात शिकलेला दया पवार ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो, या रचनेवर मी दोन पाने लिहिली होती. गुणही उत्तम मिळाले. त्यांनी भोगले त्यातले काहीच माझ्या वाट्याला आलेले नाही, म्हणून तुलनेचा मला अधिकार नाही. पण एक माणूस सांगतो आणि दुसऱ्याने ऐकायचे असते, एवढे तरी त्या पुस्तकाने मला शिकवायला हवे होते. अकरा वर्षांनी माझ्यासमोर एक मुलगा बसला आणि मी ऐकले नाही. मी स्वतः अमळनेरकडचा, माझ्या आईची बोली अहिराणी. तरी वर्गात तो त्या बोलीत बोलला की मी त्याला ‘शुद्ध बोल’ म्हणत असे. त्याने कारण सांगितले असते तर बहुधा याच बोलीत सांगितले असते.

म्हणजे वाचन फुकट गेले का? तसेही म्हणवत नाही. काळू वाचला म्हणून गणवेश घेणारी मुले दिसली, हे खरे आहे. पण पुस्तकातले दुःख सोयीचे असते. आपण खुर्चीत असतो, ते पानात असते, आणि डोळ्यांत पाणी आले की आपले कर्तव्य झाले असे वाटून आपण दिवा मालवतो. शेवटच्या बाकावरच्या माणसासाठी उठावे लागते. उठण्याचे काम कोणतेही पुस्तक आपल्या वतीने करीत नाही. आणि कित्येकांना त्यासाठी पुस्तकाची गरजही नसते. आमच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने टिपून ठेवली म्हणून राहिली, आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ साली छापून निघाली, तेव्हा त्या हयात नव्हत्या. तो मुलगा झोपतो का, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले असते, अशी माझी खात्री आहे.

दाखल्याची दुसरी प्रत रजिस्टरबरहुकूम द्यावी लागते, नोंद बदलता येत नाही. मी तीच ओळ पुन्हा उतरवली आणि खाली आचार्य म्हणून सही केली. मग म्हणालो, “माझे चुकले रे.” तो गडबडला. “तसं काय नाही सर,” म्हणत कागदाची घडी घालू लागला.

जाताना दारात थांबून म्हणाला, मुलगी पाचवीत आहे, तिला काय वाचायला देऊ? मी कपाटातून बहिणाबाईंची गाणी काढून दिली. म्हटले, “आधी तू तिला वाचून दाखव.” त्याने उभ्याउभ्या एक पान अडखळत वाचले आणि हसला. “सर, हाई ते आपलीच बोली शे.”

आता शेऱ्याचा रकाना भरण्याआधी मी मुलाच्या घरी जातो. यंदा तीन घरी गेलो. दोन मुले परत आली आहेत. तिसऱ्याकडे दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे.