पाहणं आणि साठवणं

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक जैन घरांत हा नेम अजून पाळतात. मी पोरांचे फोटो काढतो; त्यासाठी हवा तो उजेड आणि जेवायची हाक, दोन्ही त्यामुळे एकाच वेळी येतात.

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या चौपाटीवर तो उजेड पाण्यावरून येतो. सूर्य खाली गेला की किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो. निळा प्रकाश वाटेत विखुरतो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा पोचतो. मूल सूर्याकडे पाठ करून खेळत असेल तर फारच उत्तम. डोळे आक्रसत नाहीत, केसांच्या कडा पेटतात, चेहऱ्यावर आकाशाचा मऊ उजेड राहतो. एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवावं, मागचं आभाळ पांढरं पडलं तर पडू द्यावं. पळणाऱ्या पोराला शटर १/५०० सेकंदाच्या आसपास हवं. आपल्याकडे संधिप्रकाश टिकत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत खेळ संपतो.

माझ्या आत्याने व्रतं घेतली आहेत. तिने एकदा विचारलं, "किती साठवतोस रे पोरांना? हा परिग्रह नव्हे का?"

प्रश्न खरा आहे. दिगंबर मुनी पिच्छी (मोरपिसांचा कुंचा), कमंडलू आणि शास्त्र एवढंच जवळ ठेवतात. माझ्या कपाटात दुसऱ्यांच्या लेकरांचं बालपण डबे भरभरून आहे. पण उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह वस्तूत पाहिला नाही, वस्तूवरच्या आसक्तीत पाहिला. शिवाय जाणणं आणि पाहणं हा तर जीवाचा स्वभावच. केवलज्ञानी, म्हणजे सर्वज्ञ, सगळी द्रव्यं त्यांच्या सगळ्या पर्यायांसह, म्हणजे बदलत्या अवस्थांसह, जाणतो, मागच्या, आताच्या, पुढच्या, आणि त्याला कर्माचा बंध होत नाही, कारण तिथे राग, म्हणजे आसक्ती, नाही. म्हणजे दोष डोळ्याचा नाही, म्हणून लेन्सचाही नाही. सहा वर्षांची मुलगी हा एक पर्याय आहे. तो उपजला आणि जाणारच. तो नीट पाहणं ही मला पूजेइतकी पवित्र गोष्ट वाटते.

बंध सुरू होतो तो "थांब, परत एकदा पळ, मघाशी हसलीस तशी हास" इथे. गेलेला पर्याय आपण त्या लेकराकडून वसूल करू पाहतो. खेळ मोडतो, तिचं तोंड उतरतं. ही बारीकशी हिंसाच आहे, आणि ती प्रेमाच्या नावाने होते म्हणून कुणी बोलत नाही. पाठमोरी झाली तर पाठमोरी. कंटाळली तर कॅमेरा बंद.

गृहस्थाला सर्वत्याग सांगितलेला नाही, परिमाण सांगितलं आहे: किती ठेवायचं ते आधीच ठरवा. रोलच्या काळात छत्तीस फ्रेम संपल्या की हात आपोआप थांबायचा. आता कार्डात हजारो मावतात, म्हणून मर्यादा आपणच घालून घ्यावी लागते. मी आईबापांशी फोटो काढण्याआधीच आकडा ठरवतो. तेवढे देतो, उरलेले त्यांच्यासमोर पुसतो. काहींना ते सोसत नाही, "राहू द्या ना, कधीतरी बघू," म्हणतात. मी तरी पुसतो.