भूमिशुद्धी आणि पायाखालची जमीन

घराच्या कोणत्या भागात कोणती जमीन करावी, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आणि खर्चाचा वाटतो. परंतु ज्या समाजात पायांतले उंबऱ्याबाहेर काढले जाते, जमिनीवरच पंगत बसते, जमिनीवरच चौरंग मांडून पूजा होते आणि अंतकाळ जवळ आला की माणसाला खाटेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर घेतले जाते, त्या समाजात या प्रश्नाच्या तळाशी शुद्धीची कल्पना असते. ही शुद्धी पदार्थाच्या अंगी असते, की त्या पदार्थाची जी निगा राखली जाते तिच्यात, हा येथे विचाराचा विषय आहे. कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीला पाठ टेकून वसलेले रायगड जिल्ह्यातील तालुके या विचाराला सोयीचे आहेत, कारण लेण्यातला कातळ, ठाकरवाडीतले सारवण आणि फार्महाऊसमधली चकचकीत लादी ही तिन्ही तेथे थोड्या कोसांच्या अंतरात आढळतात.

धर्मशास्त्रात ‘भूमिशुद्धी’ असा स्वतंत्र विषय आहे. दूषित मानलेली जमीन पुन्हा वापरायोग्य करण्याचे उपाय, असा त्याचा अर्थ. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात असे पाच उपाय येतात: झाडणे, सारवणे, पाणी शिंपडणे, वरचा थर खरवडून काढणे आणि त्या जागी गाई राहू देणे. याज्ञवल्क्यस्मृती त्यांत अग्नी आणि काळ यांची भर घालते, म्हणजे जमीन जाळल्याने किंवा नुसता काळ लोटल्यानेही शुद्ध होते असे मानते, आणि घरापुरते झाडणे व सारवणे पुरेसे ठरवते. यांपैकी बहुतेक उपाय ही क्रियापदे आहेत, हे येथे महत्त्वाचे आहे. अमुक दगड पवित्र आणि तमुक माती अपवित्र अशी प्रतवारी त्यांत नाही. जमीन शुद्ध ‘असत’ नाही, ती कोणीतरी रोज शुद्ध ‘करीत’ असते, असाच त्यांचा रोख आहे.

राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंढाणे लेण्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर ही गोष्ट दुसऱ्या परंपरेतूनही स्पष्ट होते. ही प्राचीन बौद्ध लेणी काळ्या पाषाणात खोदलेली आहेत, आणि असे खोदकाम सामान्यतः छताकडून खाली उतरत जात असल्यामुळे लेण्यातील जमीन हा सर्वांत शेवटी हाती येणारा भाग असतो. ती कोणी आणून बसवलेली नसते, छिन्नीने जेवढा कातळ काढला नाही तेवढी ती उरलेली असते. अशा विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासांत, राहणाऱ्यांसाठी विनयपिटकाने, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या ग्रंथाने, जमिनीच्या प्रकारानुसार वेगवेगळी निगा सांगितली आहे. लेप दिलेल्या जमिनीवर डाग वा बुरशी धरली असेल तर फडके भिजवून, घट्ट पिळून पुसावे. लेप न दिलेली असेल तर आधी पाणी शिंपडावे आणि मग झाडावे, म्हणजे धूळ उडून विहार मळणार नाही. न धुतलेल्या किंवा ओल्या पायांनी निवासातल्या वस्तूंवर चढू नये, असेही तेथे बजावले आहे. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या माणसाला फडके किती पिळावे हे सांगण्यात त्या परंपरेला कमीपणा वाटला नाही, ही तिची मोठी थोरवी मानली पाहिजे.

कर्जत-खालापुरातील ठाकर आणि कातकरी वस्त्यांमध्ये कारवीच्या कुडाच्या भिंती आणि सारवलेली भुई ही घराची जुनी रीत आहे. मुरूम व माती पसरून, पाणी मारून ती चोपण्याने ठोकून घट्ट केली जाते, आणि मग शेणाच्या पातळ काल्याने सारवली जाते. सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सुरुवात करते, उकिडवी बसून हात अर्धवर्तुळात फिरवते आणि मागे मागे सरकत दाराकडे येते. बोटांच्या कमानी माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढत जातात आणि शेवटची कमान उंबऱ्याशी पूर्ण होते तेव्हा ती स्वतः बाहेर असते. अशी भुई उन्हाळ्यात पायाला गार लागते, तिच्यातील ओल वर येऊन उडून जाते आणि उखडलेली जागा मूठभर मातीने दुरुस्त होते. मात्र ती सतत हात मागते, आणि आषाढात हवाच ओली असताना दिवसदिवस वाळत नाही. या श्रमाचे पावित्र्य गाताना तो श्रम पिढ्यान्‌पिढ्या बाईच्याच गुडघ्यांवर आणि कंबरेवर पडला, हे विसरणे अन्यायाचे आहे. एखाद्या घराने सारवण सोडून सिमेंटचा घोटीव कोबा किंवा शहाबादी फरशी घातली, तर त्यात संस्कृतीचा ऱ्हास शोधण्याचे कारण नाही.

याहून मोठा अन्याय शुद्धीच्या कल्पनेतच शिरलेला आहे. आजचा रायगड जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असताना, 20 मार्च 1927 रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तेथील सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या पाण्याच्या 108 घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. जे शेण घराची भुई सारवते, तेच येथे माणसाचा स्पर्श पुसण्यासाठी वापरले गेले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि भूमिशुद्धीचे पाच उपाय सांगणारा ग्रंथ तो हाच. म्हणून त्या पाच क्रियापदांचा आधार घेणाऱ्याने ती भुईसाठी योजायची की माणसासाठी, याचा निवाडा आधी केला पाहिजे. भुई मळते आणि झाडल्याने स्वच्छ होते. माणसाच्या स्पर्शाने ती मळत नाही. एवढे स्वीकारले की शुद्धी म्हणजे निगा हा अर्थ टिकतो आणि शुद्धी म्हणजे मज्जाव हा अर्थ गळून पडतो.

निगेच्या या अर्थाने पाहता, घरातील प्रत्येक जागेला तिचा ‘धर्म’, म्हणजे तिच्याकडून अपेक्षित असलेले काम, असतो आणि जमिनीची निवड त्या धर्माला अनुसरून व्हावी लागते. व्हिट्रिफाइड लादी, म्हणजे माती व खनिजे अतिउष्ण भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली लादी, आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिला डाग धरत नाही, आणि कधीच न मळणाऱ्या शुद्धीचे आश्वासन ती देते असे वाटते. परंतु आषाढ-श्रावणात दमट हवा थंड लादीवर साकळून पाणी होते, लाद्यांना ‘घाम फुटतो’, आणि जे पाणी सारवणाने किंवा कोब्याने थोडेफार शोषून घेतले असते ते गुळगुळीत पृष्ठभागावर तसेच राहून म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली येते. त्यामुळे मोरी, न्हाणी आणि पावसाची झड खाणारी पडवी येथे खडबडीत दगडच योग्य. झिलई देवघरात चालेल. तेथेही संगमरवर घालताना तो चुनखडीच्याच जातीचा दगड आहे आणि पंचामृतातील दह्याच्या आंबटाने त्याची चमक जाते, हे ध्यानात ठेवावे, म्हणजे अभिषेकासाठी खाली ताम्हन ठेवण्याची जुनी शिस्त आपोआप पाळली जाते.

खालापूर तालुक्यातील महड येथील वरदविनायकाच्या गाभाऱ्यात भाविकाला स्वतः जाऊन पूजा करता येते. जेथे माणसाचा स्पर्श पुसला गेला ते महाड आणि हे महड, या नावांत एका कान्याचे अंतर आहे. याच परिसरातील काही फार्महाऊसमध्ये आता पाहुण्यांच्या हौसेसाठी एखादी ओटी मुद्दाम मातीची ठेवली जाते आणि ती सारवायला वाडीवरील बाईला मजुरीवर बोलावले जाते. ती मागे मागे सरकत, शेवटची कमान पुरी करून उंबऱ्याबाहेर येते. जमीन वाळल्यावर त्याच ओटीवर तिच्यासाठीही चटई अंथरली जाते का, याच्या उत्तरावर त्या ओटीची शुद्धी ठरते.