भाडे दिले, म्हणून वारा थांबत नाही



नाताळची सुट्टी लागली, घरी पाहुणे आले, की एक बेत हमखास निघतो : "एक दिवस होडी भाड्याने घेऊ या." डहाणू असो, चिंचणी असो, बोर्डी असो की तलासरी तालुक्यातील झाई, आपल्याला किनारा लांब नाही. बेतही वाईट नाही. समुद्र देवाने निर्माण केला आहे आणि त्याचे वैभव पाहून मन देवाकडे वळते. प्रभू येशूनेसुद्धा शिमोनाची नाव मागून घेतली, ती किनाऱ्यापासून थोडी आत नेण्यास सांगितले आणि तीत बसून लोकांना शिकवण दिली (लूक ५:३).

पण पवित्र शास्त्रात पैसे मोजून नावेत बसलेला आणखी एक माणूस आहे. योना संदेष्टा याफो बंदरात गेला, तार्शिशला जाणारे जहाज त्याला मिळाले, आणि त्याने भाडे दिले, असे शास्त्र आवर्जून नमूद करते (योना १:३). भाडे चुकते झाले होते, तरी वादळ आले. पैशाने आपल्याला नावेत जागा मिळते. वारा विकत मिळत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. शिडाची नाव चालवणाऱ्या तांडेलाला पहाटेचा मतलई वारा आणि दुपारचा समुद्रावरून येणारा खारा वारा यांची वेळ पाहूनच निघावे लागे. वारा नाही म्हणाला, की नाव निघत नसे. आता बहुतेक होड्यांना इंजिन आहे. सोय झाली, पण इंजिनाच्या आवाजात वाऱ्याचे बोलणे ऐकू येईनासे झाले. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असते, समोरून वारा जोर धरतो, तेव्हा खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात. हे इंजिन आल्यावरही बदललेले नाही.

दिनांक १३ जानेवारी २०१८ आपण विसरू शकत नाही. त्या शनिवारी डहाणूच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली. तीन मुली दगावल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक मुले होती आणि त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपण स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे : होडी निघण्यापूर्वी "थांबा" म्हणण्याचे धैर्य आपल्यात आहे का?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ घरी जरूर वाचा. संत पौलाला कैदी म्हणून रोमकडे नेत होते. प्रवासाचा हंगाम उलटून गेला होता. पौलाने इशारा दिला; पण शताधिपतीने नाखव्याचे व जहाजाच्या मालकाचे ऐकले. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सगळ्यांना वाटले, आपला बेत साधला. थोड्याच वेळात तुफान आले. सकाळचा मंद वारा माणसाला असा फसवतो. पुढे जहाज फुटले, पण त्यातील २७६ जणांपैकी एकही जण दगावला नाही. देवाने पौलाला जहाजाचे नव्हे, माणसांचे अभय दिले होते.

यातून आपण दोघांनी शिकायचे आहे : होडी देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही. तांडेलकाका "आज वारा बरा नाही" म्हणाले, तर त्यांना शंभर-दोनशे रुपये जास्त देऊ करू नका. तो मोह आहे, आणि मोहात पाडणारा आपणच असतो. होडीला किती माणसांची परवानगी आहे, ते विचारा; "लहान मुले आहेत, मावतील" असे म्हणू नका. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगात हवे. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला उभे राहू नये. भार कलला की होडी कलते. समुद्रात संकट आले, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवा. आणि ज्या बांधवांची होडी आहे त्यांनी एका दिवसाचे भाडे बुडू द्यावे, माणूस बुडू देऊ नये.

कोणी म्हणेल, "फादर, आपली श्रद्धा आहे ना? प्रभू नावेत असला की वादळ शमते." खरे आहे. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले, तेव्हा देवाची परीक्षा पाहण्यास येशूने नकार दिला (मत्तय ४:५-७). गळ्यात जपमाळ असली तरी अंगात जॅकेट हवे. काळजी घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. देवाने दिलेल्या जिवाचा तो मान आहे.

संत मार्क वादळाच्या प्रसंगात एक लहानशी गोष्ट सांगतो : येशूच्या नावेबरोबर दुसऱ्याही नावा होत्या (मार्क ४:३६). वादळ त्यांच्यावरही आले, आणि शांती त्यांनाही मिळाली. २०१८ मध्ये त्या मुलांकडे स्थानिक मच्छीमार आपल्या होड्या घेऊन धावले आणि बहुतेकांचे प्राण वाचले. त्यांनी कोणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. प्रभूचा हात कधी कधी असा, शेजारच्या होडीतून पुढे येतो. आपल्या घराची, आपल्या धर्मग्रामाची नावही एकटी नाही. शेजारी कोण बुडत आहे, इकडे आपले लक्ष असते का?

हे प्रभो, समुद्रावर पोट असणाऱ्या आमच्या बांधवांचे रक्षण कर. ज्या घरांतून मुले गेली आणि परतली नाहीत, त्या आईवडिलांचे सांत्वन कर. निघण्याचे धैर्य तू आम्हाला देतोस. थांबण्याचे शहाणपणही दे. समुद्रतारका पवित्र मरिये, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.