आधी डोंगर, मग अहवाल

पुण्याजवळच्या लवासा या नव्या गिरिस्थान-शहरासाठी मोसे खोऱ्यातले डोंगर कापले जात होते, तेव्हा एक आकडा ते उभारणाऱ्या कंपनीच्या फार कामी आला: हजार मीटर. 1994 च्या पर्यावरण आघात मूल्यमापन अधिसूचनेनुसार पर्यटन प्रकल्प समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असेल तर केंद्राची मंजुरी लागे. आमचे बांधकाम त्याखाली आहे, असे कंपनी सांगत राहिली. डोंगरावरची माती हजार मीटरची रेघ पाहून घसरते की काय, हे कोणी विचारले नाही. राज्याने 1996 मध्ये गिरिस्थानांसाठी खास नियम केले होते, 2001 मध्ये त्यांखाली 18 गावे जाहीर केली. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितले ते नोव्हेंबर 2010 मध्ये. तोवर वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी शहर उभे राहू लागले होते. वर्षभराने पहिल्या टप्प्यातल्या 2000 हेक्टरला अटींसह मंजुरी मिळाली. उभ्या इमारती पाडा, असे म्हणायची कोणाची तयारी नव्हती. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कापलेला डोंगर तसाच आहे.

मूल्यमापनाला अर्थ असतो तो ‘हे इथे नको’ असे म्हणता येते तोवरच. पाया भरला गेला की उरते ती अटींची यादी.

आजही लागू असलेल्या 2006 च्या अधिसूचनेत चाळणी, अभ्यासाची व्याप्ती, जनतेशी विचारविनिमय आणि तज्ज्ञांची छाननी असे टप्पे आहेत. कागदावर रचना चांगली आहे. पण तिच्या अनुसूचीतल्या आठव्या नोंदीत बांधकामे आणि टाउनशिप येतात आणि त्यांना जनसुनावणीतून सूट आहे. 20,000 चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला तर मंजुरीच लागत नाही. मोठ्या खाणीसाठी मांडव घालून जिल्हाधिकाऱ्यांसमोर लोकांचे ऐकायचे, आणि पन्नास हेक्टर भातखाचरांवर वसाहत उठणार असेल तर नाही! खाणपट्ट्याला निदान मुदत असते. बिगरशेती झालेल्या जमिनीवर पुन्हा भात लावलेला कोणी पाहिला आहे?

त्यात अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पवाल्याच्याच पैशावर काम करतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उचललेला सापडला होता. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या अर्जात आसपासच्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती दडवली गेल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये नोंदवले आणि मंजुरी स्थगित केली. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागली. एवढी स्थगिती मिळवायलाही कोणाला तरी दिल्लीपर्यंत जावे लागले.

आता आधी बांधून मागून मंजुरी घेण्याबद्दल. केंद्राची 2017 ची अधिसूचना आणि 2021 चे कार्यालयीन ज्ञापन यांनी ही वाट रुळवली. मुंबईच्या ‘वनशक्ती’ या संस्थेने आव्हान दिले आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केली. सहाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला गेला. बहुमताचे म्हणणे असे की हजारो कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, आणि पाडण्यानेही प्रदूषण होईल. न्यायमूर्ती उज्जल भुयान यांचे मत वेगळे पडले. बहुमताचा युक्तिवाद पोकळ नाही; उभे रुग्णालय पाडणे शहाणपणाचे नसतेच. पण हाच युक्तिवाद लवासाच्या वेळीही होता, आणि जो जितके जास्त आणि जितक्या घाईने बांधतो त्याच्या बाजूने तो तितकाच जड होतो. नियम पाळून दोन वर्षे थांबलेला बांधकामवाला इथे मूर्ख ठरतो.

मंजुरीला फार उशीर होतो, ही उद्योजकांची तक्रार खरी आहे. त्यावर इलाज छाननी समित्यांना पुरेसे मनुष्यबळ देणे हा आहे. सल्लागाराची नेमणूक आणि त्याचे मानधन राज्याच्या प्राधिकरणाकडून व्हावे. पैसे प्रकल्पवाल्याने तिथे भरावेत. अहवालाचा नुसता सारांश नव्हे, अख्खा अहवाल मराठीत मिळावा. आणि आठव्या नोंदीची सूट काढावी. ती निघेपर्यंत, खाणीसाठी सुनावणीची 30 दिवसांची नोटीस वर्तमानपत्रांत येईल. टाउनशिपसाठी येणार नाही.